हिरवा ठिपका

या, पुढं सरका जरा. सतरंजी एवढी मोठी अंथरलीय, कोपरे मोकळे कशाला ठेवायचे? पारायण उठलंय, पंगत बसायला अजून तासभर आहे, पोळ्या अजून तव्यावरच आहेत. तोवर एक गोष्ट ऐका. देवादिकांची नाही. आपल्याच शिवारातली आहे आणि माझ्या डोळ्यांदेखत घडलेली आहे. डोळ्यांदेखत म्हणजे कशी, तेही सांगेन. बुवा आख्यान लावतात तेव्हा आधी एक गाठ मारून ठेवतात आणि शेवटाला ती सोडतात. मीही एक गाठ मारणार आहे. ती सुटेपर्यंत कुणी उठायचं नाही, एवढंच मागणं.

असाच माघ होता आणि असाच सप्ताह बसलेला. सहावा दिवस. दुपारचे पावणेदोन वाजले होते. मी औजार बँकेच्या खोलीत संगणकासमोर बसून भाकरी खात होते, आणि फोन वाजला.

"अक्का, यंत्र मरगळलंय," केरबादा म्हणाला. "आन् हितं आग लागलीया."

दोन्ही गोष्टी त्यानं एकाच सुरात सांगितल्या. म्हणून पहिल्यांदा मला कळलंच नाही की दुसरी मोठी आहे.

आता तुमच्यातल्या नव्या सुनांना सांगायला हवं. औजार बँक म्हणजे आम्हा चाळीस बायकांचा गट. एक ट्रॅक्टर, दोन पेरणीची यंत्रं आणि त्या वर्षी आलेलं ऊसतोडणीचं यंत्र, ज्याला सगळे हार्वेस्टर म्हणतात. माडीएवढं उंच, पोटाखाली पाती, पाठीवर धुराडं, आणि वर एक भला मोठा पंखा. पाती ऊस कापतात, आतले रूळ त्याचे तुकडे करतात आणि पंखा पाचट, म्हणजे उसाची वाळकी पानं, बाहेर उडवून देतो. पुण्याच्या एका संस्थेनं ते आम्हाला दिलं होतं, पण अट घालून. यंत्राला जागोजाग सेन्सर बसवले होते. डिझेल किती जळतंय, इंजिन किती तापलंय, धुरात विषारी वायू किती, यंत्र चालतंय की नुसतं उभं आहे, हे सगळं दर मिनिटाला माझ्या पडद्यावर यायचं, आणि तेच त्यांच्याही पडद्यावर जायचं. नकाशावर यंत्राचा एक ठिपका. धूर मर्यादेत असला की ठिपका हिरवा. हंगामभर हिरवा राहिला तर यंत्र कायमचं गटाचं, नाहीतर परत.

गावातल्या पुरुषांनी पारावर बसून पैजाच लावल्या होत्या म्हणा ना. बायका आणि माडीएवढं यंत्र. होळीपर्यंत टिकलं तर मिशी काढीन, असं एकजण म्हणाला होता. त्याला मिशी नव्हतीच, ती गोष्ट वेगळी.

केरबादा त्या यंत्राचा ड्रायव्हर. पन्नाशीचा, किडकिडीत, डोक्याला कायम उपरणं. पण गाव त्याला ओळखायचं ते कीर्तनातल्या त्याच्या आवाजामुळं. मागच्या ओळीत टाळ घेऊन उभा राहायचा. बुवांनी धृपद टाकलं की सगळे झेलायचे, आणि सगळ्यांच्या वर एक आवाज जायचा, बारीक, टोकदार, आकाशात घार चढावी तसा. बुवा म्हणायचे, केरबा मागं असला की मी निवांत श्वास घेतो. मी कीर्तनवेडी बाई. मला विचाराल तर त्याच्या त्या एका सुरासाठी मी पाच कोस चालत गेले असते.

तो यंत्रावरही गुणगुणायचा. आणि एक खोड करायचा. यंत्र पाच मिनिटं जागेवर नुसतं चालू राहिलं तर ते आपोआप बंद पडायचं, धूर वाचावा म्हणून तशी सोयच होती. ट्रॉलीची वाट बघताना केबिनमधला गार वारा बंद पडू नये म्हणून केरबादा साडेचार मिनिटं झाली की यंत्र हातभर पुढं सरकवायचा. झालं, मोजणी पुन्हा शून्यापासून. मी फोन करून रागवायची की मला इथं पडद्यावर दिसतंय.

"दिसू द्या की अक्का," तो म्हणायचा. "देवालाबी समदं दिसतं. पर तो फोन करत न्हाई."

तर त्या दुपारी. यंत्र नदीकाठच्या मळीच्या रानात होतं. सात एकर उभा ऊस, पलीकडं नदीची दरड, आणि ऊस व दरड यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात ऊसतोड कामगारांच्या अकरा खोपी. बीडकडची टोळी होती. बाया-माणसं सगळी मैलभर लांब दुसऱ्या फडात तोडायला गेलेली. खोपीत फक्त पोरं, आणि पाच दिवसांची एक बाळंतीण. ती कौसाबाईची लेक. कौसाबाई टोळीतली सगळ्यांत फटकळ बाई. यंत्र पहिल्यांदा शिवारात आलं तेव्हा कोयता कमरेला लावून ती वाटेत उभी राहिली होती आणि केरबादाला म्हणाली होती, "या लोखंडी म्हशीवर बसून मपल्या लेकराचा घास कापायला आलास व्हय?" केरबादानं खाली उतरून तिला हात जोडले होते. तेव्हापासून ती रोज त्याला शिव्या घालायची आणि तो रोज तिला रामराम घालायचा. असं त्यांचं जमलं होतं.

ठिणगी कुठून पडली ते शेवटपर्यंत कळलं नाही. पश्चिमेच्या बांधावर पाचट पेटलं आणि वारा नदीकडं होता. खोपीकडं जाणारी गाडीवाट त्याच बांधाकडून होती. पहिल्या धुरातच ती बंद झाली. एका बाजूला दरड, तीन माणसं उंच. दुसऱ्या बाजूला उभा ऊस, ज्यात शेळीसुद्धा घुसत नाही.

केरबादा पूर्वेकडच्या कापलेल्या रानात होता. त्यानं धूर पाहिला, खोपी कुठं आहेत ते मनात धरलं आणि यंत्र सरळ उभ्या उसात घातलं. कापत कापत खोपीपर्यंत बोळ पाडायचा आणि पोरांना त्या बोळातून बाहेर काढायचं. साधा, सरळ विचार. यंत्र धड असतं तर सहा-सात मिनिटांचं काम होतं.

बोळ दीडशे पावलं आत गेला. खोपी चाळीस पावलांवर राहिल्या. पोरांचं रडणं त्याला ऐकू यायला लागलं, आणि यंत्रानं मान टाकली.

मी पडद्याकडं पाहिलं. ठिपका लाल झाला होता. शेजारी लिहून आलं होतं: टाकीतलं द्रव्य अयोग्य, विषारी वायू मर्यादेबाहेर, शक्ती मर्यादित केली आहे.

हे नीट सांगते, कारण गाठ इथंच आहे. त्या यंत्राला डिझेलसोबत आणखी एक पाणी लागायचं. धुरातलं विष मारणारं. निळ्या झाकणाची वेगळी टाकी होती त्याला. ते शुद्ध युरियापासून बनतं, बंद कॅनमधून येतं. आणि आमच्या टाकीत कुणीतरी खताच्या पोत्यातला युरिया बादलीत विरघळवून ओतला होता. शेतातल्या खताला कडूलिंबाचं तेल चोळलेलं असतं. ते त्या नाजूक तोटीत गेलं, तोटी तुंबली, धुरातलं विष वाढलं. यंत्रानं बिचाऱ्यानं सहा दिवस वाट पाहिली. त्या दिवशी सकाळी पडद्यावर एक पिवळा त्रिकोणही आला होता. मी 'वाचलं' असं बटण दाबलं आणि संध्याकाळी बघू म्हणून सोडून दिलं. मग दुपारी यंत्रानं नियमाप्रमाणं स्वतःची ताकद काढून घेतली. आगीत आहे की शेतात आहे, ते त्याला कसं कळणार? त्याला सेन्सर होते, डोळे नव्हते.

तो युरिया कुणी ओतला, ती गाठ. ती राहू द्या आता.

मी केरबादाला म्हटलं, बाहेर पडा. तो म्हणाला, यंत्र बोळात बुचासारखं बसलंय. दोन्हीकडनं ऊस घासतोय. मागनं कुणी आलं तरी पुढं जाऊ शकत न्हाई. मी उतरलो तर बोळ बंद.

"कायतरी करा की अक्का," तो म्हणाला. "तुमच्या पडद्यातनं हेला जरा सोडा म्हणावं. चाळीस पावलं."

मी दूध डेअरीच्या पोरांना टँकर घेऊन पिटाळलं, सरपंचांना फोन केला, टोळीच्या मुकादमाला केला. तो म्हणाला आम्हाला धूर दिसलाय, आम्ही पळतोयच. मलाही पळायचं होतं. चपलासुद्धा घातल्या. पण यंत्राचा लॉक सोडवायची मागणी माझ्याच नावानं, माझ्याच अंगठ्यानं जात होती. मी उठले असते तर तेवढंही राहिलं असतं. म्हणून मी बसले. शिवारात आग लागलीय, खिडकीतून काळा धूर दिसतोय, आणि मी खुर्चीवर बसलेय. असं बसणं देवानं वैऱ्यालाही देऊ नये.

यंत्र बनवणाऱ्या कंपनीचा मदतीचा नंबर लावला. आधी बासरी वाजली. गोड बासरी, कृष्णाच्या देवळात वाजावी तशी. मग एक मुलगी आली. फार नम्र. तक्रार क्रमांक तिनं मला दोनदा सांगितला. मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, मॅडम, हा तिसऱ्या पातळीचा लॉक आहे, मला सोडता येत नाही, वर पाठवते, तुम्ही तेवढा अर्ज भरा.

अर्ज पडद्यावर आला. कारण निवडा, असं होतं. चार कारणं होती. दुरुस्तीसाठी हलवणे. विक्रीसाठी हलवणे. चाचणी. इतर. आग नव्हती. मी 'इतर' दाबलं. तर खाली आलं, टाकीच्या निळ्या झाकणाचा फोटो जोडा.

मी त्या मुलीला म्हटलं, बाई गं, झाकण आगीत आहे. ती म्हणाली, "मला कळतंय मॅडम. फोटोशिवाय ते पुढं जातच नाही. मी लाइनवरच आहे, मी फोन ठेवत नाही." कुणाची तरी लेकच ती. तिच्या हातात तरी काय होतं? माझ्याइतकंच.

मी आपल्या औजार बँकेच्या दाराचा फोटो काढून जोडला. तो पडद्यानं परत पाठवला. अस्पष्ट, म्हणाला.

तेवढ्यात पडद्यावरचा वेगाचा आकडा शून्य झाला.

पुढचं मला कौसाबाईनं नंतर सांगितलं, पण मी दोन्ही एकत्रच सांगते, नाहीतर तुम्हाला उमगायचं नाही. टोळी धावत बोळात शिरली तेव्हा यंत्र मुंगीच्या पायानं सरकत होतं, कापायची ताकद नव्हती, नुसतं ऊस वाकवत होतं. मागं चौदा-पंधरा माणसं कोयते घेऊन, आणि पुढं लोखंडाची भिंत. कौसाबाईनं यंत्रावर कोयत्याचा दांडा आपटला आणि केबिनकडं बघून ओरडली. केरबादानं दार उघडलं, खाली वाकला आणि हातानं डावीकडं दाखवलं. यंत्राच्या डाव्या अंगानं ऊस कापा. माणूसभर वाट काढा, यंत्राला वळसा घालून पुढं जा.

ज्या यंत्रानं त्यांचं काम काढून घेतलं होतं, त्या यंत्राच्या कुशीतून ती माणसं कोयत्यानं वाट काढत होती. कौसाबाई म्हणायची, आयुष्यात इतका भरभर ऊस तोडला नव्हता आणि पुन्हा तोडणार नाही.

पण आग उजवीकडून आली. धूर बोळात उतरायला लागला, माणसं खोकत बसली. तेव्हा केरबादानं यंत्राची चाल बंद केली. पाती बंद केली. आणि जी काही धुगधुगी इंजिनात उरली होती ती सगळी वरच्या पंख्याला दिली. पंख्याचं तोंड आगीकडं फिरवलं. पाचट उडवायचा पंखा तो. मंदच फिरत होता, पण धूर थोडा मागं रेटत होता. तेवढ्यावर डावीकडची वाट श्वास घेण्याजोगी राहिली.

हे सगळं मला दिसत नव्हतं. मला दिसत होतं एवढंच: वेग शून्य, इंजिन चालू. आणि त्याखाली यंत्रानं आपल्या शहाणपणानं पाठवलेला निरोप. विनाकारण इंजिन चालू आहे. हवा स्वच्छ ठेवण्यासाठी बंद करावे. आपोआप बंद होण्यास पाच मिनिटे.

आणि मोजणी सुरू झाली.

मी त्या मुलीला विचारलं, ही पाच मिनिटं तरी थांबवता येतील का? ती म्हणाली ते स्वयंचलित आहे. मी खोलीतल्या दुसऱ्या फोनवरून केरबादाला लावला. वाजत राहिला. चार मिनिटं. साडेतीन. मी देवाचं नाव घ्यायला लागले, पण मला एकही ओळ आठवेना. जन्मभर कीर्तनं ऐकलेली बाई मी. नुसते आकडे म्हणत होते पडद्यावरचे. तीन. अडीच. दोन.

तीस सेकंद उरले आणि ठिपका हलला.

हातभर. नकाशावर म्हणाल तर मोहरीएवढा. मोजणी पुन्हा पाचावर गेली.

मी रडायलाच लागले. रोज ज्यावरून त्याला रागवत होते, तीच खोड. याचा अर्थ तो शुद्धीत होता, त्याला वेळेचं भान होतं. मी त्या मुलीला सांगितलं, तो जिवंत आहे. ती म्हणाली, हो मॅडम, मलाही दिसतंय. तिच्याही पडद्यावर तोच ठिपका होता. दोन बायका, दोनशे कोसांवर, एका ठिपक्याकडं बघत बसलो होतो.

दुसऱ्यांदा मोजणी चालू झाली. त्या पाच मिनिटांत, कौसाबाई सांगते, डावीकडची वाट खोपीपर्यंत पोचली. पोरं एकामागं एक त्या फटीतून आली. लहान्यांना पाठीवर घेतलं. बाळंतिणीला दोघींनी धरून आणलं, बाळ कौसाबाईनं पदरात बांधलं. यंत्राच्या अंगाला घासत घासत ती निघाली. वर बघितलं तर केरबादा केबिनचं दार उघडं ठेवून अर्धा बाहेर वाकला होता, किती पोरं गेली ते मोजत. काच धुरानं काळी झाली होती, दार लावलं असतं तर त्याला दिसलं नसतं. तोंडाला उपरणं होतं, पण तो ते सारखं खाली ओढून मागच्यांना ओरडून सांगत होता, डावीकडं, डावीकडं.

तिथंच गेला त्याचा आवाज. त्या ओरडण्यात.

वीस सेकंद उरले तेव्हा ठिपका पुन्हा हलला. पुन्हा पाच.

तिसऱ्यांदा मी ठिपक्याशी बोलत होते. केरबादा, आता हलवा. एक मिनिट राहिलं, हलवा. अर्धं राहिलं. मी खुर्चीतल्या खुर्चीत पुढं सरकत होते, जणू मी सरकले की तो सरकेल. दहा. पाच.

हलला नाही.

इंजिन बंद झालं. ठिपका करडा पडला. आणि मग पडद्यावर जे आलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. धुराचा आकडा शून्य झाला आणि शेजारी हिरवी खूण उमटली. उत्सर्जन मर्यादेत. खिडकीबाहेर सात एकरांचा धूर नदीवर चढत होता आणि पडदा सांगत होता, शून्य.

ती मुलगी म्हणाली, "मॅडम? मॅडम, आहात का?" मी फोन तसाच टेबलावर ठेवला आणि पळाले.

अकरा खोपी जळून राख झाल्या. त्यांच्यातलं माणूस एकही गेलं नाही. एकोणीस पोरं होती, एकोणीस भरली. केरबादाला मुकादमानं आणि कौसाबाईच्या जावयानं केबिनमधून ओढून काढलं. शुद्ध नव्हती. हात यंत्र पुढं सरकवायच्या दांडीवर तसाच घट्ट होता. आपण हलवतोय असंच त्याला वाटत असावं.

दुसऱ्या दिवशी काला. केरबादा जिल्ह्याच्या दवाखान्यात, नाकात नळी. बुवांनी धृपद टाकलं. मागच्यांनी झेललं. सगळे होते, टाळ होते, मृदंग होता. पण वर कुणी गेलंच नाही. बुवा क्षणभर थांबले, मागं वळून पाहिलं, आणि श्वास न घेताच पुढं सुरू झाले.

महिन्यानं संस्थेचे दोघे साहेब आले. वाईट माणसं नव्हती. त्यांनी कागद आणले होते, मिनिटा-मिनिटाची नोंद होती त्यात. अमुक वाजता शक्ती कमी, अमुक वाजता यंत्र उभं, दोनदा यंत्र नियमबाह्य पुढं सरकवलं. सगळं होतं, पोरांचं रडणं सोडून. टाकीतलं पाणी तपासलं होतं, खताचा युरिया निघाला होता. तो कुणी टाकला, एवढंच कागदाला माहीत नव्हतं. सगळा गट बसला होता, आणि पारावरचे ते सगळेही दारात उभे. केरबादाला आणलं होतं. नुकताच घरी आला होता, गळ्याला मफलर.

साहेबांनी विचारलं. केरबादानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. घोगरा, फाटका, पाण्याखालून यावा तसा आवाज आला.

"मीच ओतलं."

त्यांनी लिहून घेतलं. चालकाची चूक. अर्धं जळलेलं यंत्र घेऊन गेले आणि केरबादाचं काम गेलं. गट मात्र राहिला. दुसऱ्या वर्षी दुसरं यंत्र आलं, दुसरा ड्रायव्हर आला, आणि गट नीट चालवला म्हणून तालुक्याला माझा सत्कार झाला. साडी-चोळी, नारळ. तुमच्यातल्या पुष्कळ जणी होत्या तिथं. टाळ्या वाजवल्या होत्या तुम्ही.

आता गाठ सोडते.

सप्ताह बसायच्या आदल्या दिवशी निळ्या टाकीतलं पाणी संपत आलं होतं. कॅन येणार होते ते आले नव्हते. पडद्यावर पातळी कमी असं दिसत होतं आणि दुसऱ्या दिवशी पुण्याचे साहेब पडदा बघणार होते. गोदामात खताच्या युरियाची फोडलेली थैली होती. मी बादलीत दोन ओंजळी टाकल्या, काठीनं ढवळलं. केरबादा नरसाळं धरून उभा होता. त्यानं वाकून वास घेतला आणि म्हणाला, अक्का, हेला कडूलिंबाचा वास येतोय, कॅनातल्याला येत न्हाई.

मी म्हटलं, "युरिया तो युरिया. ओता."

त्यानं ओतलं. मी खोलीत येऊन पाहिलं तर पातळी भरली होती आणि ठिपका हिरवागार. यंत्रानं आधी फक्त पातळी मोजली, त्यात काय आहे ते त्याला नंतर कळलं. मी ठिपक्याला हात जोडले होते. खोटं नाही सांगत, उदबत्ती ओवाळली होती.

बैठकीनंतर मी त्याच्या घरी गेले. म्हटलं, मी आत्ता जाऊन सांगते. तो दारातल्या खाटेवर बसला होता. एक-एक शब्द तोडून बोलायचा तेव्हा, मध्ये थांबून.

"माझ्यावर आलं तर एक ड्रायव्हर चुकला म्हणतील," तो म्हणाला. "तुमच्यावर आलं तर बायका चुकल्या म्हणतील. दारात उभी हुती की समदी, त्येच ऐकायला." मग बराच वेळ खोकला. "मी असंस्तवर तरी बोलू नका."

आणि मी नाही बोलले. त्याचं ऐकलं म्हणून, की माझी जीभच उचलली नाही म्हणून, ते देवालाच ठाऊक. तो सहा वर्षं जगला. दर सप्ताहात मागच्या ओळीत टाळ घेऊन उभा राहायचा. ओठ हलायचे. मी समोर बसून त्याच्या ओठांकडं बघायची, आवाज यायचा नाही. कौसाबाई दर हंगामात त्याच्या घरी जाऊन त्याला शिव्या घालून यायची. ते बाळ आता शाळेत जातं.

मागल्या श्रावणात केरबादा गेला. आता माझ्या तोंडाला कुलूप नाही. गटातल्या तुम्ही सगळ्या जणी आज इथं आहात, मला काय म्हणायचं ते म्हणा, गटातून काढायचं तर काढा. ते जेवण झाल्यावर ठरवा.

त्याआधी एवढंच करा. उद्या काला आहे. बुवा धृपद टाकतील आणि मागची ओळ झेलेल. तेव्हा टाळ्या वाजवायच्या आधी क्षणभर वर कान द्या. सगळ्यांच्या वर एक जागा मोकळी ऐकू येईल. ती केरबादाची. तेवढी त्याची आठवण करा, बायांनो.